ताईचं कोपर

मुंबईहून फिजिओथेरपी शिकून मी उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात लागले, तेव्हा बाबांनी नातेवाइकांना सांगितलं, की मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली असते. परक्या पुरुषांचे गुडघे दाबते, हे सांगायची त्यांना लाज वाटायची. शेजारच्या काकू तोंडावर मालिशवाली म्हणायच्या. कंबर धरली की याच माझ्याकडे, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

भोपाळ राजधानी असलेलं नवं राज्य नुकतंच झालं होतं. जिजाजींची कचेरी इंदूरहून भोपाळला हलायची होती आणि त्या धांदलीत ताई माहेरी आली, आखडलेला उजवा हात पोटाशी धरून. मोरीत घसरले, म्हणाली. मी तिची वेणी घालायला बसले तेव्हा खरं बोलली. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून जिजाजी पानावरून उठले, बसायचा पाट उचलला आणि हाणला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर.

मोडलेलं हाड जुळलं होतं. पण सासूने तिला आखाड्यातल्या पहिलवानाकडे नेलं. दोन बायकांनी दाबून धरलं आणि त्याने तेल लावून कोपर रगडलं. शिवाय हात सरळ व्हावा म्हणून रोज मनगटाला भरलेली बादली लटकवायची. आमच्याकडे सगळे हेच करतात आणि कोपराला नेमकं हेच चालत नाही. ओढावं तितकं ते आखडतं, स्नायूत हाड धरू लागतं. ताईचा हात काटकोनात अडकला होता. घास तोंडापर्यंत जात नव्हता.

आई तेलाची वाटी घेऊन आली, ती मी हिसकावून अंगणात फेकली.

रोज दवाखान्यातून आले की भैरवगढच्या जुन्या छापील चादरीवर मी तिला निजवायची आणि शेक द्यायची. मग हात तिने स्वतः हलवायचा, मी फक्त खालून आधार द्यायचा. दुखलं की थांबायचं. कोपर हळूहळू उघडू लागलं. तिला स्वतःची वेणी घालता आली त्या दिवशी मी खूश झाले. ती झाली नाही.

"आता कणीक मळता येईल," ती म्हणाली. "मग पाठवतील."

बाबांनी जिजाजींना शब्द दिला होता, हात चालू लागला की पोचवतो. मी तशीच बाबांकडे गेले आणि पाटाचं सगळं सांगून टाकलं.

"होतं असं नवरा-बायकोत. भोपाळला त्यांच्या जेवणाचं काय?"

"आणि हिच्या हाडांचं काय?"

बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. मी कमावती होते, तरी मारली.

मी ताईला म्हटलं, उद्यापासून उपचार बंद. ती म्हणाली, "नको गं. अधू हात घेऊन गेले तर मार अडवायला आडवासुद्धा धरता येणार नाही." मी उपचार चालू ठेवले.

जिजाजी तांगा घेऊनच आले. ताईची पेटी चढवली गेली. चहा पिऊन ते म्हणाले, "देखें तो, किती सुधारलाय हात." तिचं मनगट धरलं, दंडावर दुसरा हात ठेवला आणि खाडकन ओढलं. कोपरातून कट्ट आवाज आला. ताई मटकन खाली बसली.

"हो गया सीधा. उगाच इतके दिवस नखरे." मनगट न सोडता ते पुन्हा ओढू लागले.

मी त्यांचा अंगठा पकडला. अंगठा कुठपर्यंत मागे जातो हे मला पाठ होतं. मी त्याच्या पुढे नेला. ते ओरडले, मोकळ्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं, पण मी सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. ताईचं मनगट सुटलं तेव्हाच मी हात काढला. तिचं कोपर मात्र त्यानंतर कधीच पूर्ण उघडलं नाही.

बाबा उठले. त्यांना काही माहीत नव्हतं असं नाही. आजवर डोळ्यांदेखत झालं नव्हतं, एवढंच. आता पुन्हा थोबाडीत बसणार म्हणून मी मागे सरकले. ते माझ्या शेजारून दारात गेले आणि तांगेवाल्याला म्हणाले, "भैया, पेटी उतार दो. सवारी एक ही है."