आये विचारत नसे

आये कुणाला काही विचारत नसे. लालबागच्या आमच्या खोलीत ती गावाकडच्या गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. गिरण्या गेल्यावर डबे देऊ लागली. पण जेवायला बसलेल्या माणसाला "अजून हवं का?" असं तिने कधी विचारलं नाही. ताटाकडे बघायची आणि वाढायची. "इचारला की माणूस लाजता, आणि लाजलेलो माणूस अर्धपोटी उठता," असं तिचं म्हणणं. ऐकायला किती छान वाटतं, नाही? अशा बाईला घेऊन एकदा कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा, मग कळेल.

सगळी चाळ तिला आये म्हणायची, मी तिची मुलगी, मीही तेच म्हणायचे. तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला, आणि परळच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. शेवटी म्हणाले, "काही विचारायचंय, आजी?" आये म्हणाली, "नाही हो, सगळं कळलं." बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय कळलं तुला?" तर म्हणे, "डाक्टराचो झील बरो आसा, पोरगोच तो. पण जेवणाचा कायव खरा नाय तेचा, गाल बघ कसे बसलेत."

माझं डोकंच फिरलं. मी माटुंग्याच्या शाळेत शिकवते, प्रश्न काढणं हा माझा रोजचा धंदा. रात्री बसून मोठ्या अक्षरात प्रश्न लिहिले. गाठ किती पसरलीय, सगळा स्तन काढावा लागेल का, केमो आधी की नंतर. आठवडाभर शाळेतून माझ्या घरी न जाता परस्पर लालबागला जाऊन तिची उजळणी घेतली. ती बांगडे साफ करता करता "व्हय, व्हय" म्हणायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हिने तो कागद घडी घालून त्यांच्याच हातात दिला. "हे माझ्या मुलीने काढलेत. तुम्हाला वेळ असेल तेव्हा वाचा." डॉक्टर हसले. मला मात्र रडावं की ओरडावं ते कळेना. त्यांनी तिथेच एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, ते मी ऐकलं. आये त्यांच्या गालांकडे बघत होती.

ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि दोन दिवसांनी हिचा फोन, "मी काय जावचंय नाय. कौल डावो पडलो."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि आपला प्रश्न घालतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आणि सगळ्या जगात आये जर कुणाला तोंड उघडून विचारत असेल तर ती फक्त या देवाला. तिच्यासाठी गावी कौल लावून घेणाऱ्या काकांना ती फोनवर असा दम द्यायची की बिचारे गप्प ऐकायचे. "एका टायमाक एकच इचारूचा, भावजी. दोन गोष्टी मिसळल्यास तर देव खंयच्याक उत्तर देतलो?"

मी तडक लालबाग गाठलं. चप्पलही न काढता उंबऱ्यातूनच ओरडले, "काय विचारलंस देवाला?" ती भांडी लावत राहिली. मग मीच काकांना फोन लावला. काका म्हणाले, "वयनीन सांगलेला तसाच इचारलंय गो. आपरेशन करून उजवो हात पयल्यासारखो ऱ्हवात काय?"

हात! इतके दिवस मी केमो आणि टाके घोकून घेत होते, आणि ही बाई हाताची काळजी करत बसली होती. मग निघालं सगळं. समोरच्या चाळीतल्या एका बाईचं हेच ऑपरेशन झालेलं, तिचा हात सुजून इतका जड झाला की पाण्याची कळशी उचलेना. आयेचा सगळा जन्म त्या उजव्या हातावर गेलेला. पण हे मला सांगायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं नाही, आणि गाऱ्हाणं मात्र पार गावाला!

संताप संताप झाला माझा. म्हटलं, "हा एक प्रश्न आहे का, आये? ऑपरेशन करू का, हा एक. हात राहील का, हा दुसरा. दोन्ही मिसळलेस. देवाने नाही म्हटलं ते कशाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. आयुष्यात प्रथमच मी तिला तिच्या विषयात पकडलं होतं. मग पुटपुटली, "चुकला माझा. हाताचा डाक्टरांक इचारूया."

या वेळी कागद नव्हता. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "डॉक्टर, ह्या हाताने मी भाताचा टोप उचलीन का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काखेतल्या गाठी काढाव्या लागतील, हाताला सूज येऊ शकते, सगळ्यांना येतेच असं नाही, व्यायाम रोज करायचा, जड उचलायचं नाही, सगळं सांगितलं.

"म्हणजे टोप नाही."

"मोठा नाही, आजी."

"लहान?"

"लहान चालेल."

"मग करा," आये म्हणाली.

एवढंसंच होतं ते! एका टोपापायी ही बाई जिवावर उदार झाली होती. मला आजही आठवलं की चीड येते. ऑपरेशन झालं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम ती कुरकुरत का होईना, रोज करायची. डबे कमी केले, पण बंद केले नाहीत. चांगली काही वर्षं गेली.

मग कॅन्सर परत आला, या खेपेला हाडांत. रिपोर्ट बघून डॉक्टर माझ्याशी बोलू लागले, तशी आयेने टेबलावर हात ठेवला.

"तिच्याकडे नका बघू, डॉक्टर. मी विचारते. हे आता बरं व्हायचं नाही ना?"

"नाही, आजी," ते म्हणाले. "दुखू नये एवढं बघू."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तू इचार. तुका काय इचारूचा आसा ता."

मला एकही प्रश्न सुचेना. शेवटी मी तिलाच विचारलं, "घरी जाऊया?"

"चल," ती म्हणाली.