पप्पाची दिवाळी

आमच्या घरात दिवाळी दोनदा व्हायची. एक कॅलेंडरातली, सगळ्यांची. दुसरी नवऱ्याला सुट्टी मिळेल तेव्हाची. तो फौजेत होता. दिवाळीला सुट्टी सगळेच मागतात आणि ती मिळते दोन-चार जणांना. मुलं झाल्यापासून त्या दोन-चारांत आमचा नंबर काही लागला नाही. मग थोरली दीड वर्षाची असताना मीच ठरवलं, की तो येईल तेव्हा आपण परत दिवाळी करायची. पुढं पोरांनीच तिला नाव दिलं, पप्पाची दिवाळी.

कल्पना माझी होती आणि मला तिचा लय अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्यात आमच्या गल्लीत घरटी एक फौजी. पण असला उद्योग दुसऱ्या कुणी केला नव्हता. एका वर्षी फेब्रुवारीत, एका वर्षी ऐन मे महिन्यात आमच्या दारावर आकाशकंदील लागला. जाणारा-येणारा थांबून वर बघायचा. मे महिन्यात तेल-उटणं लावून कढत पाण्यानं आंघोळ म्हणजे शिक्षाच, पण नवरा निमूट पाटावर बसायचा, मी ओवाळायचे, पोरं जपून ठेवलेल्या फुलबाज्या लावायची. समोरच्या काकू म्हणायच्या, "तुझ्याकडून शिकावं बाई." मी वरवर "कसलं काय, काकू" म्हणायचे आणि आतल्या आत फुगायचे.

सुट्टी म्हणायला दीड महिन्याची. त्यातले वीस दिवस आटपाडीला, त्याच्या गावी जायचे. आईचे डोळे दाखवा, गोठ्याचा पत्रा बदला, डाळिंबाच्या बागेचं राहिलेलं काम उरका. मग कुणाचं लग्न, कुणाचा साखरपुडा. मी शाळेत शिकवते, माझी रजा वेगळीच. शिवाय परत जाताना त्याला बराकीतल्या पोरांसाठी डबे भरून फराळ न्यायचा असायचा. दोन दिवस रेल्वेत आणि पुढं आठवडाभर टिकायचा तर तो ताजा हवा. म्हणून मी चकल्या अगदी शेवटी तळायचे. चकल्या झाल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ, ओवाळणं, फराळ, आणि संध्याकाळी त्याची पुण्याची एसटी. तिथून पुढं रेल्वे. सगळं एकात एक बसायचं, सोयीचं होतं.

यंदा श्रावणात तो पेन्शनवर आला. (समोर मी त्याला अहो म्हणते. कागदावर तो.) सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतला धडधाकट माणूस दिवसभर घरात. एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटीचं काम ठरलं होतं, पण ते तुळशीचं लग्न झाल्यावर. मधले तीन महिने तो दिवाळीची वाट बघत बसला. दसरा झाला आणि त्यानं वहीच्या पानावर कार्यक्रम लिहून फ्रिजवर चिकटवला. चार वाजता उठणे. सव्वाचार, पाणी तापवणे. साडेचार, मुलांना तेल. मी म्हटलं, "अहो, दिवाळी आहे का परेड?"

"मला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचीय," तो म्हणाला. "मधलं काही सुटायला नको."

 

खरं तर त्याला एवढंच हवं होतं, की पोरानं आपल्याला घरातला माणूस म्हणावं. लेक आठ वर्षांची, ती पहिल्यापासून बापाला धरून. धाकटा पाचाचा. तो पप्पांशी पाहुण्याशी बोलावं तसा बोलायचा. "जेवलात का?" "झोप लागली का?" पेन्शन म्हणजे काय, हे त्याला मी दोनदा समजावलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ही सुट्टी मोठी आहे का?" नवरा म्हणायचा, दिवाळीत होईल सगळं सरळ. त्यानं ते मनाशी पक्कंच धरलं होतं.

सुरुवात चांगली झाली. नवरा आणि पोरं, तिघांनी मिळून अंगणात किल्ला केला. पोत्यांवर लाल माती, पायऱ्या, विहीर, एक गुहा. वर हळीव पेरले. धाकटा कोपरापर्यंत चिखलात. "पप्पा, गुहा अजून खोल करा. अजून." नवरा चहा प्यायला आत आला तेव्हा एकच शब्द बोलला, "जमतंय." दिवसभर तो शीळ घालत होता.

वसुबारसेला आटपाडीहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. दुसऱ्या दिवशी मी चकलीची भाजणी परातीत काढली, मोहन घातलं, गरम पाणी घ्यायला वळले, तेवढ्यात धाकट्यानं पिंपातलं तांब्याभर गार पाणी सगळ्या पिठावर ओतलं. आणि पळाला नाही, तिथंच उभा राहिला. मी एक धपाटा घातला, खोटं कशाला बोलू? तरी रडला नाही. पीठ मात्र गेलं ते गेलंच.

परत भाजणी आणली. आता सोऱ्या सापडेना. फळीवरचे डबे उतरवले, माळा उपसला, शेजारी विचारून आले. आत्या म्हणाल्या, "अगं, न्हाई घावत तर कडबोळी वळू की, एवढं काय त्यात?" संध्याकाळी नवरा हळिवावर पाणी शिंपडायला गेला, आणि किल्ल्याच्या गुहेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सोऱ्या घेऊन आला. "माल बरामद," तो फौजी आवाजात म्हणाला. आम्ही सगळे हसलो. धाकटा हसला नाही.

नवऱ्यानं त्याला जवळ घेतलं. "का रं लपवलास गड्या? चकली आवडत नाही तुला?"

धाकटा जमिनीकडं बघत म्हणाला, "तुम्ही फराळ खाऊ नका."

"मी?"

"हं. तुम्ही नका खाऊ."

आत्या वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सवय न्हाई पोराला बापाची. व्हईल हळूहळू." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण नवऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. जेवताना भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच बसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्याला मी नको झालोय घरात." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" पण मलाही तसंच वाटत होतं. बापाचं मन राखता येत नाही या पोराला, म्हणून मी धाकट्यावर धुसफुसत राहिले. त्या रात्री त्याच्याशी नीट बोलले नाही. चकल्या तळल्या त्याही रागारागातच.

नरक चतुर्दशीला चारला उठलो, फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे. आधी पोरांच्या आंघोळी झाल्या. धाकट्यानं तेल, उटणं, सगळं मुकाट्यानं लावून घेतलं, नवे कपडे घातले. मग नवरा पाटावर बसला. भोवती रांगोळी, समोर ओवाळणीचं ताट. इतका खूश मी त्याला लग्नातही बघितला नव्हता. मी तळहातावर तेल घेतलं. तोच धाकटा धावत आला आणि बापाच्या पुढ्यात हात पसरून उभा राहिला.

"मम्मी, पप्पाला तेल लावू नको."

"बाजूला हो," मी म्हटलं. "सणासुदीचा मार खाशील हं."

"नको लावू!"

"का पण? का नको?"

"लावलं की जातात."

लेक दारात फुलबाजी घेऊन उभी होती. शाळेतलं उत्तर सांगावं तशी ती म्हणाली, "चकल्या झाल्या, आंघोळ झाली, की संध्याकाळी पप्पा जातात. त्याला सगळं पाठ आहे."

तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी मला कळलं नाही. सात वर्षं मी ज्या दिवसाचा गल्लीभर तोरा मिरवला, तो माझ्या पोराच्या लेखी बाप जायचा दिवस होता. पाणी ओतलं, सोऱ्या लपवला, ते बाप घरात राहावा म्हणून. आणि मी त्याला धपाटा घातला होता. मला माझाच इतका राग आला, की तिथं आत्या नसत्या तर मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं असतं.

 नवरा म्हणाला, "मला वाटायचं, मी दिवाळी घेऊन येतो." आणि पाटावरून उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. धाकट्याला म्हणाला, "नको तर नको. नाही लावत."

आत्या कासावीस झाल्या. "आरं, आज आंगूळ न्हाई केली तर नरकात जातंय मानूस."

"आई, इतकी वरसं तंबूत कुणी घातली हुती मला आंगूळ?"

आत्यांनी ओवाळणीचं ताट उचलून आत ठेवलं. त्या दिवशी तो दहा वाजता, रोजच्यासारखा, बादलीभर पाण्यानं आंघोळ करून आला. उटण्याला हात लावला नाही. फराळाच्या ताटातली एक चकलीसुद्धा खाल्ली नाही. पाडव्याला मी विचारलं, ओवाळू का? तर पोराकडं बघून म्हणाला, "राहू दे." फ्रिजवरचा कागद त्यानंच काढून ठेवला. सतरा वर्षं थांबलेला माणूस घरातल्या घरात दिवाळीविना राहिला आणि कुरकुर म्हणून केली नाही. धाकटा मात्र मोकळा झाला. दुपारी बापाच्या पोटावर पाय टाकून झोपायला लागला.

भाऊबीज झाली, आत्या गावी गेल्या, तुळशीचं लग्न लागलं. गल्लीतले आकाशकंदील उतरले. त्यानंतरच्या रविवारी धाकटा स्वयंपाकघरात आला.

"दिवाळी संपली?"

"संपली."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

तो बाहेर गेला आणि बापाला म्हणाला, "दिवाळी संपली, तुम्ही गेला नाहीत. आता आंघोळ करा. दिवाळीची."

भर अकरा वाजता पाट मांडला. उटणं धाकट्यानंच भिजवलं, अर्धं जमिनीवर सांडलं. बापाची पाठ दोन्ही हातांनी चोळली. नवरा डोळे मिटून बसला होता. मी ओवाळलं. मग त्यानं मऊ पडलेल्या चार चकल्या एकामागून एक खाल्ल्या आणि आम्ही चौघं खूप हसलो. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

आणि आम्ही दोघांनीही अक्कल कुठं गहाण ठेवली होती कोण जाणे, कारण सोमवारी त्याला कामावर रुजू व्हायचं होतं. ते आठवत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी मीच युनिफॉर्मला इस्त्री मारून ठेवली होती. पण कालची आंघोळ आणि आजची ड्यूटी, या दोन गोष्टी एकाशेजारी एक ठेवून आमच्यापैकी कुणी बघितल्याच नाहीत.

सकाळी सहाला धाकटा उठून बाहेर आला. नवरा खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. अंगात युनिफॉर्म, शेजारी बॅग. पोर दारात थांबलं. त्यानं बूट बघितले, बॅग बघितली.

"गाडी किती वाजताची?" त्यानं विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा एका पायाची नाडी तशीच सोडून त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला. "गाडी नाही रं, बाळा. स्कूटरवर चाललोय. इथंच, एमआयडीसीत. तीनला सुटणार, चारला घरात."

"बरं."

"चार म्हणजे चार. मम्मीला विचार."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. बापानं पापा घेतला तो घेऊ दिला, आणि स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी दात घासायला गेला.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर काय लिहिलं ते माझं मला ठाऊक नाही. अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. शाळेतून आल्यावर पोरं समोरच्या काकूंच्या नजरेखाली असायची. मला वाटलं होतं, पोर फाटकाशी बसलेलं असेल. तर नाही. तो अंगणात, ढासळलेल्या किल्ल्याच्या मातीत गाडी फिरवत खेळत होता. तीन वाजले, साडेतीन वाजले. मी दहा वेळा दारात जाऊन आले. त्यानं एकदाही मान वर करून रस्त्याकडं बघितलं नाही. गेलेला बाप वर्षानं येतो. त्याची त्याच दुपारी वाट बघायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

चारला दहा कमी असताना स्कूटर वळणावरून आत आली आणि फाटकाशी थांबली. धाकट्यानं वर बघितलं. हातातली गाडी मातीत पडली. तो उठून उभा राहिला, पण धावला नाही. बापाकडं नुसता बघत राहिला.

"एवढ्या लवकर आलात?" तो म्हणाला.

नवऱ्याला स्कूटर स्टँडवर लावता येईना.