पानावरचा हात

पळसाच्या ओल्या पत्रावळीवर गरम वरण पडलं की जो वास सुटतो, तो मला अजून सोसत नाही. आमचे हे पिंपरीच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्यांदाच रजा मिळाली आणि तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही लोणावळ्याच्या एका धर्मशाळेत राहायला गेलो. तिथं ओट्यावरच्या पातेल्यांतून हवं तेव्हा आपलं आपण वाढून घ्यायचं, नाहीतर पंगतीला बसायचं. हे म्हणाले, "पोर लहान आहे, आपण वाढूनच घेऊ." मी हट्टाला पेटले. "घरी रोज मीच वाढते. चार दिवस मला कुणीतरी वाढू दे की!" बसलो पंगतीला. मीठ, लिंबू, चटणी, भाताची मूद, सगळं सावकाश येत होतं, आणि श्लोक झाल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. पोर सकाळपासून भुकेलेलं. त्यानं मुदीत बोटं खुपसली, समोरच्या सोवळ्यातल्या बाईंनी भुवया चढवल्या, आणि मी सगळ्यांदेखत त्याच्या हातावर फटका मारला. तो रडला नाही. हात मांडीखाली घेऊन बसला. मग श्लोक झाला, तूप आलं, मी "खा रे राजा" म्हणत राहिले, पण त्यानं शीत उचललं नाही. मी मात्र वाढप्यानं आग्रह केला म्हणून जिलबीसुद्धा घेतली. परवा एका लग्नात बुफे होता. साठी उलटलेला माझा मुलगा भरलेलं ताट घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला, थांबला आणि म्हणाला, "आई, सुरू करू ना?"