खडखडाटात झोपणारी मुलगी

दुष्काळात अमेरिकेचा मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, रेशनवर आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्याला मनसोक्त नावं ठेवली. भाकरी थापता येत नाही, चव नाही, रंग बघवत नाही. दोन-तीन वर्षांनी त्याच देशातून एक पुस्तक आमच्या घरात आलं. ते गुळगुळीत कागदाचं होतं, इंग्रजीत होतं, आणि त्याला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

पुस्तक मुलं वाढवण्याचं होतं. ह्यांच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या भावानं ते तिकडून पाठवलेलं. बरंच जुनं होतं. तिकडच्या आयांनी तोवर ते माळ्यावर टाकलंही असेल. आमच्याकडे मात्र त्याची पारायणं सुरू झाली. आम्ही दोघंही गावाच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरांतले, मागांच्या गल्लीत वाढलेले. हे घराण्यातले पहिले प्राध्यापक. नोकरी लागल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शांत कॉलनीत आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. बाळंतपण उरकून मी मुलीला घेऊन माहेराहून तिथं आले आणि पुस्तकाचं राज्य सुरू झालं. बाळाला वेगळ्या खोलीत निजवायचं. खोलीत अंधार हवा, शांतता हवी. दूध घड्याळ बघून. आणि रडलं तर उचलायचं नाही. उचललं की ते लाडावतं, न उचललं की आपोआप शिकतं.

दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथं तिला निजवलं की फोडणीसुद्धा मी चोरासारखी द्यायची.

मुलगी रडायची. मी दाराच्या अलीकडे बसून राहायची. तिच्या आवाजानं मला पान्हा फुटायचा, पोलकं ओलंचिंब व्हायचं, आणि घड्याळात अजून दुधाची वेळ झालेली नसायची. शेजारच्या काकू माढ्याकडच्या. त्या खिडकीतून म्हणायच्या, "पोरगी लई रडतीया की. घ्या की वो उचलून." मी पुस्तकाचं नाव काढलं की त्या कपाळाला हात लावायच्या. "कुन्या आईला इचारून लिवलंय व्हय ते?"

ह्यांना निर्दय म्हणता येणार नाही. ती रडायला लागली की हे अंगणात जाऊन फेऱ्या मारत. आपल्याला जे मिळालं नाही ते मुलीला मिळतंय, असं त्यांना मनापासून वाटायचं. मला ह्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

पुढे ती कमी रडायला लागली. हे खूश झाले. मला मात्र धडकी भरली. ती वाळत चालली होती, दूध ओढताना दमायची, कुणाकडे बघून हसायची नाही. मी पिशवी भरली आणि चार दिवस माहेरी जाते म्हणून निघाले.

माहेरी पुढच्या खोलीत विजेवरचे माग, मागच्या खोलीत संसार. माझ्या अम्मानं जुन्या लुगड्याची झोळी मागांच्या खोलीच्या दारातच टांगली. त्या खडखडाटात मुलगी हातपाय सैल सोडून झोपली. आमच्या गल्लीतली मुलं अशीच. आईच्या पोटात असल्यापासून तोच आवाज कानावर. माग चालू तोवर गाढ झोपतात, माग थांबले की दचकून उठतात. जागी झाली की अम्मा तिला माझ्याकडे द्यायची आणि मी पाजायची. तिच्या गालांवर रंग दिसायला लागला.

हे न्यायला आले ते संध्याकाळी. मी आत कणीक मळत होते, अम्मा परातीपलीकडे बसलेली. हे झोळीपाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. इतक्या आवाजात बाळ कसं झोपतं, असं काहीतरी ओरडून अम्माला विचारत होते. जसे काही स्वतः कधी त्या आवाजात झोपलेच नव्हते.

तेवढ्यात लाइट गेली. आमचे माग थांबले, शेजारचे थांबले, समोरचे थांबले. क्षणभर गल्ली गपगार. मग घराघरातून मुलांनी एकदम गळा काढला. आमचीनंही काढला. बायका हातातलं काम टाकून धावल्या. माझे हात कणकेनं भरलेले, अम्माला परातीपलीकडून उठायला वेळ लागला. मी दारात येऊन बघते तर ह्यांनी तिला उचललेलं होतं. खांद्यावर टाकून हे तिच्या पाठीवर थोपटत होते, खट-खट, खट-खट, थेट मागाच्या ठेक्यात. हे त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. ती हळूहळू शांत झाली.

लाइट आली. माग पुन्हा सुरू झाले. तिचे डोळे मिटले. पुस्तकाप्रमाणं आता तिला ताबडतोब खाली ठेवायला हवं होतं. हे तसेच उभे. मी हात धुऊन जवळ गेले, तेव्हा ते काहीतरी बोलले. मला ऐकूच आलं नाही. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तिकडं ती गप्प झाली ना, तेव्हा मला वाटलं, शिकली."

मला इतकं सुटल्यासारखं बाळंतपणातही वाटलं नव्हतं. मी तिला घ्यायला हात पुढं केले.

"राहू दे," हे म्हणाले. "अजून थोडा वेळ."