म्हातारा उपग्रह आणि दहाचं पत्रक

सभा अकराला हवी असेल तर पत्रकावर दहा छापायचं, हे मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकले. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. दहा म्हणजे अकरा, आणि 'ठीक दहा' म्हणजे साडेअकरा. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्या शहराचा मिळून तसा करारच आहे. बसच्या पासासाठी, वसतिगृहातल्या जेवणासाठी, नळाच्या पाण्यासाठी मी पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींना चिकटवली आणि एकदाही खरी वेळ छापली नाही. मग मध्ये उपग्रह आला.

रेडिओशी माझी गाठ पडली ती भोंग्यामुळं. मोर्चात भोंगा हातातून पडला आणि मुका झाला, म्हणून तो घेऊन मी छावणी भागात गेले. तिथं रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेले. मी दोनदा हाक मारली, तर त्यांनी नुसता तळहात दाखवला. मला कुणी तळहात दाखवलेला खपत नाही.

"चाचा, गिऱ्हाईक आलंय!"

"हौ बेटा, दिखरा मेरेकू. गिऱ्हाईक रुकता, ये नई रुकता," असं म्हणून त्यांनी हेडफोन माझ्याच कानाला लावला.

आत खरखर, आणि तिच्यामागं बारीक, तुटक शिट्टी. तो एक उपग्रह होता. वयानं माझ्याहून मोठा, परदेशातल्या हौशी रेडिओवाल्यांनी बनवून वर सोडलेला. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. पण अंगावर ऊन पडलं की तो जागा व्हायचा आणि मोर्सच्या, म्हणजे जुन्या तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्ये स्वतःची तब्येत सांगत फिरायचा. अंग किती तापलंय, वीज किती येतेय, बॅटरीत जीव आहे का, सगळं आकड्यांत. सावलीत गेला की गप्प. ज्याच्या डोक्यावरून तो जाईल त्यानं ते आकडे टिपायचे आणि जगभरच्या बाकीच्या हौश्यांना कळवायचे. पगार नाही, फोटो नाही, हार नाही. इतकी माणसं काहीही न मागता काम करतात, हे मला पटेना, आणि सुटेनाही.

चाचांनी मला पुंडलिकनगरला नेलं. तिथल्या एका छोट्या वाचनालयाच्या गच्चीवर त्यांचं मंडळ जमायचं. प्रमुख होत्या एक मॅडम, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "हवेत राजकारण नाही, धर्म नाही, धंदा नाही."

"मग बोलायचं काय मॅडम?"

"हवामान."

"मराठवाड्यात हवामानावर बोललं की राजकारणच होतं."

मॅडम हसल्या नाहीत. मी परीक्षा पास झाले. हवेत मी सभ्य असते. जमिनीवरचं जमिनीवर.

आणि जमिनीवर लवकरच भानगड झाली. वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी ठरवलं, गच्चीवर पत्रे टाकायचे आणि पोरांसाठी व्यायामशाळा काढायची. पत्र्याखाली उपग्रह ऐकू येत नाही. चाचांच्या दुकानासमोर तोवर तीन मजली इमारत उभी राहिली होती, त्यामुळं तिथलं आकाशही गेलेलं. म्हणजे ही गच्ची गेली की चाचांचं ऐकणंच संपलं. त्या आठवड्यात त्यांनी कुणाचंच काही दुरुस्त केलं नाही.

माझं टाळकं फिरलं. मी शिष्टमंडळ घेऊन भाऊंकडं गेले. शिष्टमंडळ म्हणजे मीच.

"ताई, पोरं तिथं दंड काढतील," भाऊ म्हणाले, "तुम्ही काय काढता?"

"आकडे."

"मटक्याचे तर नाय ना?"

मी उपग्रहाचं सगळं सांगितलं. भाऊंनी पानाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "ते यंत्र माझ्यासमोर बोललं तर गच्चीचं बघू. नाय बोललं तर सोमवारी पत्रे चढवतो. शब्द."

मॅडमनी हिशेब काढला. रविवारी सकाळी, अकराला उपग्रह उगवणार, दहा-बारा मिनिटं दिसणार. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेव सांगू शकत नाही, पण उपग्रह कधी येईल ते मॅडम मिनिटासकट सांगतात. मी लगेच पत्रक लिहायला बसले. मथळा: 'आकाश कुणाच्या बापाचं?' वेळ: सकाळी दहा.

"अकरा लिही," मॅडम म्हणाल्या.

"अकरा लिहिलं तर भाऊ बाराला येतील. तेव्हा उपग्रह कुठं असेल?"

"पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला."

"मग?"

"आपण वेळ खोटी लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. पण मंडळातले हात वर झाले ते माझ्या बाजूनं. दहाच छापलं.

रविवारी दहाला पाच कमी असताना मी गच्ची झाडत होते. मंडपवाला सतरंजी उलगडत होता. शाल अजून दुकानाच्या पिशवीत. आणि जिन्यातून भाऊ वर आले. इस्त्रीचे कपडे, अत्तर, मागं दोन कार्यकर्ते.

"काय ताई, पत्रकात दहा लिवलंय ना? कुठंय तुमचं यंत्र?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलेला पाहुणा बघत होते. भाऊंना फुलंब्रीला साखरपुड्याला जायचं होतं. पोरगी घरची, उशीर चालणार नव्हता. "साडेधाला निघतो," ते म्हणाले.

एक तास काढायचा होता. मग मी तेच केलं ज्याच्याविरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं लिहिली आहेत. सत्कार. मॅडमच्या हस्ते भाऊंचा, भाऊंच्या हस्ते मॅडमचा, दोघांच्या हस्ते चाचांचा. शाल एकच होती, ती तिघांच्या खांद्यांवरून फिरली. नारळही तोच. शेवटी मंडपवाल्याचाही सत्कार केला, तर तो म्हणाला, "ताई, नारळ माझ्याकडंच राहू द्या का?" चहा दोनदा झाला. भाऊ घड्याळ बघून उठले. मी माइक धरला.

"बंधू आणि भगिनींनो!"

भाऊ बसले. भाषण सुरू झाल्यावर उठून जाणारा पुढारी मी अजून पाहिलेला नाही. मी आकाशापासून सुरुवात केली, नळावर आले, नळावरून पुन्हा आकाशात गेले. खालून भाजी घेऊन जाणाऱ्या बायका वर आल्या. टाळ्या पडल्या. असा जमलेला जमाव मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. कठड्यापाशी चाचा अँटेना घेऊन उभे होते. ती त्यांनीच बनवलेली, नळाचा प्लॅस्टिकचा पाइप आणि सुताराची मोजपट्टी कापून. ते ती अँटेना जोरजोरानं हलवायला लागले. मला वाटलं, जोश आलाय. मी आवाज आणखी चढवला.

"बेटा! आगया वो! बस कर!"

"आणि तो येतोय, बंधूंनो!" मी म्हणाले, आणि पुढं बोलतच राहिले.

माइक एकदम मेला. वळून बघते तर भाऊंच्या हातात वायर.

"ताई," ते म्हणाले, "त्यो आलाय म्हणतेत. त्याला बी बोलू द्या की."

पण अँटेनाला जोडलेल्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून नुसती घर्रर्र. मॅडम ओरडल्या, "माळा! लाइटच्या माळा बंद करा!" शोभेच्या त्या चायना माळा मीच लावून घेतल्या होत्या. भाऊंनी मंडपवाल्याला हाळी दिली, "अरे, मेनच पाड!" मेन पडला. घरघर गेली. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून बायकाही पुढं सरकल्या. आणि मग ती शिट्टी आली.

चाचा मोजपट्टीनं आकाशात तिचा माग काढत आकडे बोलायला लागले, "तीन... सात... एक..." मॅडम फळ्यावर लिहायला लागल्या, मी तक्त्यात अर्थ बघायला लागले. अर्धा वेळ माझ्या भाषणात गेलेला, त्यामुळं अर्धेच आकडे मिळाले.

"काय म्हणतंय?" भाऊंनी हळूच विचारलं. भाऊ हळू बोलू शकतात, हे कार्यकर्त्यांनाही नवीन असावं.

"अंग बेताचं गरम आहे, म्हणतंय."

"अन् बॅटरी?"

"मेली."

"मग चालतंय कशावर?"

"उन्हावर."

"व्हय का!" भाऊंनी वर बघितलं. "मग आपल्याकडं लई दिवस चालंल."

शिट्टीचा सूर उतरत गेला, खरखरीत मिसळला आणि संपला. चाचांनी अँटेना खाली घेतली. भाऊ चपला घालायला लागले तसं मी विचारलं, "भाऊ, गच्ची?"

"बघू," म्हणाले आणि फुलंब्रीला गेले.

पुढाऱ्याच्या 'बघू'चा अर्थ मला शिकवायची गरज नाही. सोमवारी पत्र्यांचा टेम्पो आला तेव्हा मी जिन्यात आडवी बसलेली, घोषणा तयार.

"ओ ताई, उठा की," पत्रेवाला म्हणाला. "निम्मीच गच्ची झाकायची सांगितलीय भाऊनं. निम्मी त्या चाचाची."

घोषणा घशातच राहिली. वाईट वाटलं, चांगली जमली होती. भाऊंनी वर हुकूमही सोडला होता की उपग्रह डोक्यावर असेल तोवर व्यायामशाळेतले लाइट आणि गाणी बंद. आता पोरं डंबेल हातात धरून विचारतात, "ताई, आलं का तुमचं म्हातारं?" आणि चाचांनी अँटेना उचलली की गप उभी राहतात.

पुढच्या कार्यक्रमाला मॅडमनी सांगितलं तेच छापलं: अकरा वाजून सात मिनिटं. छापखानेवाला म्हणाला, "ताई, लोक चूक समजतील." म्हटलं, समजू द्या. लोक आले, चाचांनी सगळे आकडे टिपले, उपग्रह गेला. त्यानंतर बऱ्याच वेळानं जिन्यातून अत्तराचा वास आला.

"गेलं?" भाऊंनी विचारलं.

"केव्हाच. पत्रकात वेळ लिहिली होती की भाऊ!"

"लिवली होती म्हणून तर बारा धरले." भाऊ सतरंजीवर टेकले. "उद्या येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं तर. चहा सांगा."