नाव न घेणारी

या सदरातले अनुभव मी बहुतेक वेळा चिडायला म्हणूनच वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई… अकोल्याला माझ्या माहेरी असलं काही सांगणाऱ्याला वडील ओट्यावरून उठवून लावायचे, आणि मी त्यांचीच मुलगी. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसलेय, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते माझे यजमान गेल्या वर्षी वारले आणि या गोष्टीने दुखावेल असं घरात आता कोणी उरलं नाही.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. हे अमरावतीला सरकारी ऑफिसात कारकून. माझी धाकटी नणंद कुसुम चिखलदऱ्याला राहायची, तिचा नवरा रस्त्याच्या कामावर होता. दसरा झाल्यावर सुटी काढून आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. कुसुमचं आणि माझं पटत नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते. माझ्या भाजीपासून माझ्या हसण्यापर्यंत तिला सगळ्यात खोट दिसायची, आणि मीही ऐकून घेणारी नव्हते. ह्यांचा मात्र माझ्यावर फार जीव होता. बाजारातून येताना शिंगाडे आणायचे आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातात द्यायचे. त्या काळी आमच्याकडे याला निर्लज्जपणा म्हणत… मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी परतीचा पाऊस हलायला तयार नव्हता. सकाळी थोडी उघडीप दिसली तसे हे म्हणाले, जंगलातला धबधबा पाहून येऊ. कुसुमचा नवरा कामावर गेला होता, म्हणून वाट दाखवायला कुसुम निघाली, अर्थातच कुरकुरत.

"वयनीच्या चपलीनं काय होते तिथं? घसरन अन् मंग मले बोल लागन."

"तू तुह्यं पाह्य," मी म्हटलं.

कॉफीची झाडं संपली की सागाचं जंगल लागतं. तिथून एका ओढ्याच्या काठाने उतरत जायचं, आणि पुढे तोच ओढा कड्यावरून दरीत पडतो. म्हणजे धबधब्याच्या माथ्यावर आपण वरून जाऊन पोचतो. निम्म्या वाटेत पाऊस पुन्हा सुरू झाला. चिखलाने चपला ओढून घेतल्या, बांबूचे फोक तोंडावर बसत होते, दगडावर पाय ठेवला की शेवाळावरून सटकत होता. ते जंगल आम्हाला हाकलून द्यायला बघत होतं असंच मला वाटलं. मी परत फिरू म्हणाले. कुसुमने नाक मुरडलं आणि मग मीही हट्टाने चालत राहिले.

पोचलो तर काहीच दिसेना. ढग खाली उतरले होते. नुसता पाण्याचा आवाज.

"तुमी दोघी झाडाखाली थांबा," हे म्हणाले. "मी जरा पुढं जाऊन पाहून येतो."

गेले. आम्ही दोघी एका मोठ्या सागाखाली उभ्या राहिलो, एकमेकींकडे न बघता. बराच वेळ झाला. आणि मग मी हाक ऐकली.

"अहो… इकडे या ना."

आवाज माझा होता. तुम्ही म्हणाल भास. मीही म्हटलं असतं. पण कुसुमने माझ्या तोंडाकडे बघितलं, माझे ओठ मिटलेले होते, आणि तिने पदर तोंडात कोंबला. आवाज येत होता कड्याच्या पलीकडून, जिथे पाय ठेवायला जमीनच नाही, तिथून.

तेवढ्यात ढग जरा विरळ झाले आणि हे दिसले. ओढ्याच्या मधल्या खडकावर उभे होते, आमच्याकडे पाठ. पुढे चार-दोन दगड आणि मग दरी. ते हसून म्हणाले, "येतो, येतो," आणि एक दगड पुढे गेले.

मी जीव खाऊन ओरडले, "अहो, तिकडे जाऊ नका."

लगेच दरीतून आलं, "अहो, तिकडे जाऊ नका." आणि मग, हळू, लाडात आल्यासारखं, "इकडे या ना."

हे थांबले. एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा तिकडे. ढगातून आम्ही त्यांना दिसत नसणार. मी पुन्हा ओरडले. पुन्हा तेच माझ्या आवाजात, माझ्यापेक्षा गोड, त्यांना दरीतून ऐकू आलं. आणि त्यांनी तिकडे पाऊल टाकलं. कुसुमला "दादा" एवढं म्हणता आलं असतं, पण पदर तिच्या तोंडातच होता. तिने माझ्या दंडात नखं रुतवली होती.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यानंतर कुठली बाई घ्यायची तेव्हा? पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मी ओढ्यात उतरले आणि बोंबलले, "दिनकर! ए दिनकर, मागं फिर!"

दरीतून काही आलं नाही. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. हे गर्रकन वळले, धडपडत, गुडघे फोडून घेत काठाला आले. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला मिठी मारली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, अनोळखी घरात शिरल्यावर माणूस बघतो तसे.

आम्ही अमरावतीला परतल्यावर कुसुमने सासूबाईंना पत्राने काय कळवलं असेल? दरीतल्या हाकेबद्दल एक अक्षर नाही. वयनीने जंगलात दादाला ढोरं वळल्यासारखं नाव घेऊन बोलावलं, एवढंच. मी तिला पुढे कित्येकदा विचारलं. "मले काई आयकू आलं नाई," ती म्हणायची. दंडावर तिच्या नखांचे वण होते माझ्या, तरी.

पण कुसुमचं काय घेऊन बसलेय मी. ह्यांनी त्या दिवसानंतर माझ्यासाठी शिंगाडे आणले नाहीत. भांडले नाहीत, मारलं नाही, पगार हातात दिला, मुलं झाली, त्यांना खांद्यावर खेळवलं. माझ्याशी मात्र परक्या बाईशी बोलावं तसे बोलत. सुरुवातीला वाटलं, नाव घेतल्याचा राग आहे. पाया पडून माफीसुद्धा मागून झाली माझी. खरं काय ते कळलं रिटायर झाल्यावर. दुपारी जेवत होतो. मी भाकरी वाढली आणि त्यांनी शांतपणे विचारलं,

"एक सांगा. त्या दिवशी तिचं काय झालं?"

"कोनाचं?"

"माह्या बायकोचं. ती मले बोलावून राहिली होती. तुमी मधातच नाव घेऊन हाक मारली, अन् मी भेलो, अन् तुमच्याकडं आलो."

"अहो, मीच तुमची बायको. दरीतून बोलत होती ती दुसरीच. मेले असते तुमी."

"माही बायको माह्यं नाव घेनारी नवती," ते म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "लय मायेनं बोलावत होती. मी तिले तिथंच सोडून आलो."

लोक म्हणतात, डोंगरात आवाज फिरतो. फिरत असेल. पण पहिली हाक मी मारलीच नव्हती, मग फिरलं काय? आणि बाकी सगळं म्हणणारीने ते एक नाव तेवढं का घेतलं नाही? मला माहीत नाही. मला तिची भीती कधी वाटली नाही, राग येतो. माझा माणूस मी दरीच्या तोंडातून ओढून आणला, आणि तो जन्मभर माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं खात, माझ्यासाठी रडला.