दोन उत्तरांचा निवृत्ती

निवृत्ती बिडगर कुणाच्याही घरी गेला की उंबऱ्यावर थांबून विचारायचा, "आत आधीच कोण कोण हाय?" माझी बायको चिडवायची, "या की भावजी, वाघ नाही पाळला!" तरी तो उत्तर ऐकूनच आत यायचा.

कामातही त्याचा प्रश्न हाच. मुकुंदवाडीपलीकडच्या आमच्या शेडमध्ये पोलादी चेंबर होतं. पंपांनी त्यातली हवा ओढून काढायची, उपग्रहाचं विजेवर चालणारं छोटं इंजिन आत चालवायचं आणि त्याचा जोर मोजायचा. पण थोडा वायू आत उरतोच. तो पुन्हा इंजिनात शिरतो आणि जोर उगाच जास्त दिसतो. अवकाशात ही फुकटची मदत नसते. ती किती, हे संगणकावर काढणं निवृत्तीचं काम. मी त्याचा वरिष्ठ.

त्याचं घराणं फर्दापूरकडचं, मेंढरांवर जगलेलं. डॉक्टरेट झाली तरी बोली सुटली नव्हती. नव्या माणसाला तो सांगायचा, "कळप दाट असला की पाण्यावानी वाहतो. चार मेंढरं उरली की एकेकाच्या मागं पळावं लागतं. आपला वायू चार मेंढरांचा हाय."

आमच्या इंजिनाचा जोर छान भरला. ग्राहक खूश झाला आणि त्याने विचारलं, अवकाशात किती भरेल? निवृत्तीने दोन उत्तरं आणली. पंपाच्या थंड पत्र्यावर आदळणारे किती कण तिथंच चिकटतात, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. जास्त चिकटतात असं धरलं तर आत वायू कमी उरतो आणि इंजिन पास, कमी चिकटतात असं धरलं तर नापास.

"निवृत्ती, एकच सांग."

"दोन हायेत सर. एक कुठून आणू?"

"तुझं मन काय म्हणतं?"

"मनाला काय, ते सकाळी येगळं म्हणतं, जेवल्यावर येगळं."

मी नापासाचं उत्तर पाठवलं. दोन्ही पाठवता आली असती. का पाठवली नाहीत, हे मला आजही नीट सांगता येत नाही. स्वतःच्या नुकसानीचं उत्तर देणारा माणूस प्रामाणिक दिसतो, असं काहीतरी डोक्यात असावं. काम गेलं, शेड बंद झाली. मला दुसरीकडे नोकरी मिळाली, निवृत्तीला मिळाली नाही. निघताना तो म्हणाला, "सर, तुम्ही माझ्या आकड्यावर लई इश्वास ठेवला. मी बी येवढा ठेवला नव्हता."

हे आभार होते की ठपका? विचारायचं धाडस झालं नाही. तो गावी गेला, लेणी बघायला येणाऱ्यांसाठी जेवणाचं छोटं दुकान चालवू लागला. इंजिन कधी उडालंच नाही. त्यामुळे कोणता आकडा खरा, हे कळायचा रस्ताही उरला नाही.

गेल्या वर्षी निवृत्ती वारला. मी घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "साहेब, तुमच्या त्या कामात यांचं बरोबर होतं का चुकलं होतं?"

"बरोबर होतं," मी लगेच म्हणालो.

तिने पदराने डोळे टिपले.

"मग घरात त्यांनी तसं एकदा बी का नाय म्हणलं?"